तिसरं कारण

माझे बाबा नागपूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी त्याच शाळेत नववीत होते. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पट्टीचुंबक कसे ठेवायचे हे निवृत्त झालेल्या जुन्या सरांनी त्यांना शिकवलं होतं. जोडीनं ठेवायचे, एकाच्या लाल टोकाशेजारी दुसऱ्याचं निळं टोक, आणि दोन्हीकडून मऊ लोखंडाचे तुकडे लावायचे, म्हणजे चुंबकाचा जोर टिकतो. प्रयोगशाळा हा बाबांचा एकुलता एक अभिमान होता. आईचे दागिने असते तर तेही त्यांनी इतके जपले नसते.

मग नवे सर आले. त्यांना सगळं देखणं लागायचं. खंडेनवमीला उपकरणांची पूजा मांडली, तेव्हा त्यांनी सगळ्या चुंबकांची लाल टोकं एका बाजूला करून ओळ लावली, हळदकुंकू वाहिलं आणि ते गंजके तुकडे भंगारात टाकायला लावले. बाबा काही सांगू गेले, तर सर म्हणाले, शिपायानं शिपायाचं काम करावं. पूजेनंतर चुंबक तसेच पेटीत गेले आणि पेटीची किल्ली सरांच्या खिशात. मी तिथेच रांगोळी काढत होते.

हिवाळ्यात तपासणीला साहेब आले. चुंबकांना धड चार टाचण्या उचलवेनात. सरांनी तिथल्या तिथे बाबांवर खापर फोडलं, पुसताना आपटतो म्हणाले, उन्हात ठेवतो म्हणाले. आणि पुरावा म्हणून वर्गातल्या हुशार मुलीला, म्हणजे मला, उभं केलं.

"चुंबकत्व कशानं कमी होतं, सांग."

बाबा दाराशी उभे होते. पुस्तकात तीन कारणं होती.

"तापवल्यानं, आपटल्यानं," मी म्हणाले आणि थांबले. तिसरं कारण होतं चुकीच्या पद्धतीनं ठेवणं. प्रात्यक्षिकाचे गुण सरांच्या हातात होते.

"शाब्बास. बस," सर म्हणाले.

मी बसले. विसरले वगैरे काही नव्हते. मी भ्याले होते, आणि मला पहिला नंबर हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबांकडे मुताऱ्या आणि पाण्याच्या टाक्या आल्या. प्रयोगशाळेत पाय ठेवायचा नाही, असा हुकूम निघाला. संध्याकाळी जेवताना त्यांनी मला विचारलं, "लाल लाल एकीकडं ठेवलं तं जोर जाते, हे तुह्या पुस्तकात नाई काय वं?"

"नाई, बाबा."

त्यांनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. मग म्हणाले, "मंग सरची काय चूक? पुस्तकातच नाई, तं त्यायले कसं माहीत राहीन?"

त्या वर्षी मला प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाबांनी पेढे आणले आणि पहिला पेढा सरांना नेऊन दिला.