घरच्या नव्या तांदळाचे अनारसे

बायको गेली त्या वर्षी नाताळ आला तेव्हा माझा देवावर राग होता. प्रार्थनेला बसायचो, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि मला न विचारता तिला नेलं.

मी चौथी शिकलेला माणूस. मुर्री गावाला धानाच्या दोन बांध्या, म्हणजे भाताची खाचरं आहेत, त्यावरच घर उभं केलं. आमच्याकडे नाताळ म्हणजे अनारसे. ती तांदूळ तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायची, मग धोतरावर पसरून सावलीत सुकवायची. मी उखळात कांडायचो. गुळात मळणं, खसखशीवर थापणं तिचं. चर्चमध्ये ताट गेलं की मी छाती काढून सांगायचो, "आमच्याच बांधीचा, यंदाचा नवा तांदूळ आहे." ती पदर तोंडाशी धरून हसायची. मला वाटायचं, कौतुकानं हसते.

मुलगा तीन वर्षांपासून वेगळा राहत होता. दवनीवाड्याच्या मुलीशी मला न विचारता त्यानं लग्न केलं, तेव्हा मी बोललो होतो, "तुझी बायको माझ्या चुलीपाशी येणार नाही. तिच्या हातचं मी खाणार नाही." सासूच्या मातीला आली, तेव्हाही ती अंगणातच उभी राहिली. मी आत बोलावलं नाही. नाताळाआधी मुलाचा फोन आला, "बाबा, बेकरीतून केक आणतो, अनारशाचं राहू द्या." मी म्हणालो, "तुझी आई गेली, घर नाही गेलं." आणि फोन ठेवला.

नव्या तांदळाचं पीठ मी एकट्यानंच केलं. दुपारी कढई चढवली. पहिला अनारसा तुपात सोडला तर त्याचा चुरा होऊन कढईभर पसरला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. चौथ्याला हात भाजला. मग पाटावर बसून मी म्हातारा माणूस रडलो. म्हणालो, "प्रभू, तिचं एवढंच उरलं होतं, तेही माझ्यानं होत नाही. कोणाला तरी पाठव." कितीतरी महिन्यांनी बोललो, तेही रागातच.

थोड्याच वेळानं फाटक वाजलं. सून होती, हातात स्टीलचा डबा. दाराबाहेरूनच म्हणाली, "मामाजी, काय जळून राहिलं जी?"

"काही नाही जळून राहिलं. तू काऊन आली?"

"अनारशाचं पीठ आणलं. मी दवाखान्यात भेटाले जात होती, तेव्हा आईनं सांगून ठेवलं होतं. म्हणे, मामाजी नव्याच तांदळाचे करतील अन् सारे तुपात विखरतील. तू जुन्याचं पीठ घेऊन जाजो."

"आमच्याकडे नव्याचेच होतात."

"नाही होत जी. नवा तांदूळ चिकट राहते. आई दरसाल मागच्या सालचा भिजवत. भिजल्यावर तुमाले कुठं ओळखू येते? म्हणे, बुढ्याले मिरवू दे."

राग यायला पाहिजे होता. पण बायको पदराआड कशाला हसायची ते ध्यानात आलं, आणि मला हसू फुटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. सुनेला म्हणालो, "बाहेर काय उभी? आत ये. हे तूप बदल." हुकूमच दिला. दुसऱ्या तऱ्हेनं बोलणं मला येत नाही.

तिनं चप्पल काढली आणि चुलीपाशी बसली. तिचा अनारसा तुपात फुलला, त्याला बारीक जाळी पडली. तो ताटलीत ठेवून तिनं हात मागे घेतला. मी गरमच तोंडात टाकला. जीभ भाजली.

"गूळ कमी आहे," मी म्हणालो. "उद्या त्याला घेऊन ये. दोघंही इथंच जेवा."

"येतो जी," ती म्हणाली, आणि खाली मान घालून पुढचा थापायला लागली.

देव कसा ऐकतो ते मला समजत नाही, आणि कोणाला पटवायलाही मी जात नाही. मी तोंड उघडलं तेव्हा सून डबा घेऊन अर्ध्या वाटेवर होती, आणि बायकोनं तर खाटेवर पडल्या पडल्याच सारी व्यवस्था केली होती. मी फक्त म्हणालो, कोणाला तरी पाठव. कोणाला, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर या पोरीचं नाव माझ्या तोंडी आलं नसतं. प्रभूचे उपकार, त्यानं मला विचारलं नाही.