बाळंतिणीची शेगडी

त्या थंडीत माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला बदलापूरला माहेरी आली आणि शेगडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सोळा वर्षांची. आईची कंबर धरलेली, वडील दिवसभर अंबरनाथच्या कारखान्यात. म्हणजे पाणी भरणं, बंब पेटवणं, लंगोट धुणं, सगळं माझ्याकडेच. बहीण बाजेवर, कुशीत बाळ आणि बाजेखाली शेगडी. सव्वा महिना ती विझू द्यायची नाही, अशी आईची सक्त ताकीद.

वडिलांनी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या वखारीतून लोणारी कोळशाचं एक पोतं आणलं. "हे सव्वा महिना पुरलं पाहिजे," म्हणाले. आठव्या दिवशी ते अर्ध्यावर आलं. आई माझ्यावर खेकसली, जणू कोळसा मीच खात होते.

"अगं, निखाऱ्यावर राख ओढावी. एवढंही कळत नाही?"

राख ओढायला शिकले. थर जाड दिला की ऊब कमी, पण निखारा टिके. पातळ केला की खोली तापे आणि कोळसा भसाभस संपे. दिवसभर चिमट्याने राख इकडची तिकडे करायची. तरी बेलवलीच्या शेतांवरून येणारा वारा आत घुसायचाच. मग मला अक्कल सुचली. खिडकीला गोणपाट ठोकलं, माळ्याच्या फळ्यांमध्ये चिंध्या कोंबल्या, दाराबाहेर उंबऱ्याशी जुनं लुगडं गुंडाळून लावलं. निम्म्या कोळशात खोली गरम! आईसुद्धा म्हणाली, "हुशार आहेस गं." तिच्या तोंडून हे क्वचितच निघायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, याची आठवण तेव्हा कुणी करून दिली नाही.

बाळ रोज दुपारी टाहो फोडायचं. फटी बुजवल्याच्या तिसऱ्या दुपारी ते रडलं नाही. मी ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. पाय सुजलेले, बोटांना भेगा. आई देवळातून परतली.

"बाळ उठलं नाही का गं?"

"नाही."

"दूध कधी प्यालं?"

मला आठवेना. आईने लुगडं पायाने सारलं आणि दार ढकललं. आत नुसतं कोळशाच्या धगीने कोंदलेलं. बहीण तोंड उघडं टाकून पडलेली, हाका मारल्या तरी डोळे उघडेना. बाळाची मान लुळी. आईने त्याला उचलून अंगणात नेलं, मी बहिणीला काखेत धरून फरफटत आणलं. कंबर विसरून आई खाली बसली आणि बाळाच्या तळव्यांवर टिचक्या मारू लागली. "रड रे राजा, रड." किती वेळ गेला, देव जाणे. मग ते रडलं, मांजराच्या पिल्लासारखं. बहीण भडाभडा ओकली. दोघंही वाचली.

संध्याकाळी आई वडिलांना म्हणाली, "मीच सांगितलं होतं तिला, वारा लागू देऊ नको म्हणून." दोष तिने स्वतःकडे घेतला आणि मी तो घेऊ दिला.

त्या दुपारी मी एकदा दाराला कान लावून आले होते. आत काहीच आवाज नव्हता. मला शंका आली नाही, बरं वाटलं. म्हटलं, सुटले, आज तासभर तरी पाठ टेकता येईल. आणि पाय न वाजवता मी ओटीवर परत येऊन बसले.