साहेबांचे समोसे

गोमती नगरच्या आमच्या सरकारी कंपनीतले साहेब शिपायालाही ‘आप’ म्हणतात. आवाज कधी चढत नाही. त्या गोडव्याचाच मला संताप येतो. वार्षिक मूल्यांकनात कुणाला तरी तळाची श्रेणी द्यावीच लागते आणि त्याचा कामगिरीचा बोनस बुडतो. यंदा ती त्यांनी बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईंना दिली, आणि सगळ्यांसाठी समोसे मागवले.

“आप तो छह महीने आराम में थीं,” ते हसून बाईंना म्हणाले.

“आराम? सर, एक रात आप सँभालिए बच्चे को!” बाईंनी हातातला समोसा परत ताटात ठेवला.

साहेबांनी शांतपणे बोटं पुसली आणि ते ताट माझ्यापुढे धरलं. “आप लीजिए. आपका तो बढ़िया रहा.”

ताटात तेवढा एकच होता. मी तो उचलला. वर “थँक्यू सर”ही म्हणालो.