कलणारा ट्रक

दुकानात डोळे तपासताना चष्मेवाला दिवसातून चाळीस वेळा विचारायचा, "हे बरं दिसतंय, की आधीचं?" लोक पटकन सांगत. ट्रकच्या पुढच्या सस्पेन्शनचं काय करायचं, हे मात्र त्याला स्वतःला आठ महिने ठरवता आलं नव्हतं.

ट्रक त्याच्या सासऱ्यांचा. पन्नास वर्षांचा, नाक गोल, मागे लाकडी हौदा. सासरे त्यातून लोकांचं घरसामान हलवत. ते गेल्यावर ट्रक जावयाकडे आला आणि जावई त्याला दर महिन्याला शर्यतीला नेऊ लागला. रिकाम्या पार्किंगमध्ये प्लास्टिकचे शंकू मांडत. त्यांच्यामधून एकेकानं वळणं घेत सुटायचं. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. बाकीचे छोट्या गाड्या आणत. ट्रक वळणावर इतका कलायचा, की बघणारे नकळत उलट्या बाजूला झुकत.

गॅरेजवालीनं तीन उपाय सांगितले होते. "नुसत्या स्प्रिंगा कडक केल्या, तर कलणं कमी होईल, पण रोजच्या रस्त्यावर दात वाजतील. किंवा दोन्ही चाकांना जोडणारी जाड सळई घालू, सोबत नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. नाहीतर पुढचा सांगाडाच कापून नवा बसवू. मग बघा कसा वळतो."

"पण मग तो सासऱ्यांचा ट्रक राहील का?"

"ते माझ्या खात्यात येत नाही," ती हात पुसत म्हणाली.

"आईला विचार ना," बायको म्हणायची.

"त्यांना वाईट वाटेल."

"आठ महिने हेच ऐकून मला काय वाटतंय, ते विचारलंस?"

शेवटी एका रविवारी त्यानं सासूबाईंना शर्यतीलाच नेलं. हेल्मेट घालून त्या शेजारी बसल्या. ट्रकनं नऊ शंकू पाडले, दहावा खाली अडकून सोबत आला. त्यानं इंजिन बंद केलं आणि सासूबाई रडल्याच तर म्हणून खिशात ठेवलेला घडीचा रुमाल चाचपला.

"आई, यात थोडा बदल करावा म्हणतोय. तुमची हरकत असेल तर..."

"लग्नानंतर पहिल्यांदा बसले, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, हा कलतो. म्हणाले, सवय होईल." त्यांनी हेल्मेट काढून केस सारखे केले. "सेहेचाळीस वर्षांत नाही झाली."

चष्मेवाल्यानं रुमाल तसाच राहू दिला. त्याला हलकं वाटलं आणि आठ महिने उगाच कुढल्यासारखंही. "मग पुढचं सगळं कापून नवं घालू?"

"कापताय कशाला? ती सळई घाला. गॅरेजवालीशी फोनवर सळईबद्दल बोलताना तुमचा आवाज बरा असतो, ऐकू येतं मला."

सळई बसली, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसले. पुढच्या शर्यतीत ट्रकनं दोनच शंकू पाडले आणि शेवटून दुसरा नंबर काढला. शेवटचा आलेला भेटून कसली सळई म्हणून विचारून गेला.

आता दर महिन्याला सासूबाई शेजारी बसतात आणि पुढचं वळण कुठलं, ते मोठ्यानं सांगतात. निम्म्या वेळा बरोबर असतं.