सातव्या महिन्यातली कंबर

सातवा महिना लागला आणि माझी कंबर धरली. नवरा जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला, नुकताच सुट्टीवर घरी आलेला. "मी चोळून देतो," म्हणत त्याने खोबरेल तेलाची बाटली काढली आणि बाह्या सरसावल्या.

सासूबाई आतून म्हणाल्या, "बायको आहे ती, पंप नव्हे. आधी डॉक्टरांना विचार."

तपासणीला रत्नागिरीला जायचंच होतं. डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी बघितलं आणि त्याच्याकडे वळल्या. "हिचं सगळं ठीक आहे, तेव्हा मालिश चालेल. पण हलक्या हाताने. पोट चोळायचं नाही. उताणं नाही, कुशीवर निजवायचं. पोटऱ्या रगडायच्या नाहीत. एकच पाय सुजून दुखायला लागला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हात न लावता इकडे या."

"प्रेशर किती ठेवू?" त्याने विचारलं.

"ते तिला विचारा."

घरी आल्यावर त्याने सोफ्यावरच्यासुद्धा सगळ्या उशा गोळा केल्या. एक पोटाखाली, एक गुडघ्यांच्या मध्ये, एक पाठीशी. मग सुरू झालं. "बरं वाटतंय? हळू करू? आता?" शेवटी मी म्हटलं, "मी पडून राहू की परीक्षा देऊ?" पण कंबर खरंच मोकळी झाली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी माझी उजवी पोटरी सुजली आणि दुखू लागली. सासूबाई तेल गरम करून घेऊन आल्या. "चोळ जरा, उतरेल."

त्याने हात मागे घेतले. "नाही, आई."

"अरे, तुला लहानपणी मीच रगडलंय ना?"

"हो. पण आत्ता गाडीत बस."

त्या रागावूनच बसल्या. डॉक्टरीणबाईंनी पायाची सोनोग्राफी करून घेतली. रक्ताची गुठळी नव्हती, स्नायू लचकला होता. ऐकल्यावर मला रडूच आलं. "गुठळी असती आणि चोळलं असतं, तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. लगेच आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर सासूबाई मागे माझ्या शेजारी बसल्या. घर जवळ आल्यावर माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "मला काय ठाऊक गो असलं."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी लेकाला हाक मारली आणि पाय पुढे केले. "मी काही गरोदर नाही. माझे गुडघे चोळ. आणि मला सारखं काही विचारू नकोस, डोळा लागू दे."