एक गाठ सिल्लोड, दोन गाठी कन्नड

एम.एस्सी. झाल्यावर आणि पीएच.डी.च्या आधी मी संभाजीनगरातल्या एका प्रयोगशाळेत कपाशीच्या बोंडअळ्या पाळल्या. पाळल्या हाच शब्द खरा. त्यांचं खाणं मी स्वतः शिजवायची आणि सुट्टीच्या दिवशीही चिकलठाण्याहून सिटी बसनं येऊन त्यांना घालायची. कन्नडला घरी गेले की आई म्हणायची, इतकी सेवा माणसांची केलीस तर पुण्य लागेल.

काम सोपं होतं. सिल्लोडकडच्या आणि कन्नडकडच्या अळ्यांना सारखंच औषध चारायचं, आठवड्यानं त्या स्पिरिटमध्ये ठेवायच्या आणि लांबी मोजायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा अंदाज होता की सिल्लोडची अळी औषधाला दाद देत नाही, त्यामुळे ती जास्त वाढलेली दिसेल. हे आकडे हाती आले की मॅडम माझ्या पीएच.डी.साठी शिफारसपत्र देणार होत्या. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती, आणि त्या पत्राशिवाय अर्ज कुणी उघडूनही पाहिला नसता.

आमच्या प्रयोगशाळेतले चाचा सिल्लोडचे. काचेची भांडी धुणं, स्पिरिट भरणं त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते, "बेटा, चिठ्ठी पेन्सिलनं लिही अन् बाटलीच्या आत टाक. स्पिरिटपुढं कुठलीच शाई टिकत नाय." मी मान हलवली आणि न पुसणाऱ्या मार्करनं बाटल्यांवर बाहेरून लिहिलं. मार्करवर तसं छापलेलंच होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगाच नाही. चाचा मात्र मी लिहिलेली प्रत्येक बाटली उचलून तिच्या गळ्याला पांढरा दोरा बांधत. झाकण घट्ट राहावं म्हणून बांधत असतील, असं मी धरून चालले.

मंगळवारी सकाळी माझ्या कोपराचा धक्का लागून स्पिरिटचा कॅन ट्रेमध्ये कलंडला. मी घाईघाईनं बाटल्या पुसल्या आणि फडकं निळं झालं. बाराच्या बारा बाटल्या कोऱ्या. सहा सिल्लोडच्या, सहा कन्नडच्या, पण कुठल्या कुठल्या, देव जाणे. शेतातली कपाशी उपटून झाली होती, नव्या अळ्या पुढच्या हंगामाशिवाय मिळणार नव्हत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मग मी जे केलं ते फार शांतपणे केलं, याचीच मला आजही लाज वाटते. अळ्या मोजल्या. ज्या सहा बाटल्यांतल्या अळ्या लांब निघाल्या त्यांवर सिल्लोड लिहिलं, उरलेल्यांवर कन्नड. अंदाज मॅडमचाच होता, मी फक्त तो खरा करून दिला. आकडे पाहून मॅडम हसल्या. त्या सहसा हसत नाहीत. उद्या पत्र घेऊन जा, म्हणाल्या.

रात्रभर झोप नाही. चोराच्या मनात चांदणं. बुधवारी सकाळी चाचा बाटल्या कपाटात लावत होते, ते मध्येच थांबले.

"बेटा, सहा बाटल्या उलट्या झाल्यात."

कशावरून, मी विचारलं. त्यांनी दोरा बोटानं फिरवून दाखवला. "एक गाठ सिल्लोड, दोन गाठी कन्नड."

त्यांचं घर रंगरेजाचं. रंगाच्या हंड्यात शाई टिकत नाही, म्हणून कुठलं कापड कुणाचं हे ओळखायला वडील कोपऱ्याला गाठी मारत. तीच सवय चाचांनी बाटल्यांना लावली होती. एवढं सांगून ते धुतलेली भांडी पुसत बसले.

गाठींप्रमाणे आकडे पुन्हा मांडले. सिल्लोड आणि कन्नडमध्ये फरकच उरला नाही. मला चाचांचा राग आला, खोटं कशाला बोलू. तासभर वही उघडी ठेवून बसले आणि शेवटी मॅडमच्या खोलीत गेले. सांडलेल्या स्पिरिटपासून सगळं सांगितलं.

मॅडमनी एवढंच विचारलं, "चाचांनी गाठी मारल्या नसत्या तर सांगितलं असतंस?"

हो म्हणायला एक क्षण पुरला असता. "नाही," मी म्हणाले.

सही केलेलं पत्र टेबलावर माझ्यासमोरच होतं. त्यांनी ते उचलून खणात ठेवलं. "पुढच्या वर्षी माग," म्हणाल्या, आणि गाठींप्रमाणेचे आकडे माझ्याकडून मागून घेतले.

ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी पत्र मिळालं. आता मी चिठ्ठी पेन्सिलनं लिहिते, आत टाकते आणि वर दोराही बांधते.

पण मुदत संपली त्या शुक्रवारी कन्नडहून बाबांचा फोन आला, अर्ज गेला का म्हणून. मॅडमनी पत्र दिलं नाही, मी म्हणाले. बाबा मॅडमवर लई चिडले. मी त्यांना चिडू दिलं.