वेल्डिंगवाल्यानं बायांत येऊन सांगितलं ते

आमच्या गल्लीतला वेल्डिंगवाला दिवसभर तापलेल्या लोखंडापुढं उकिडवा बसतो. शेडला खिडकी नाही. संध्याकाळी गुळाचा खडा चघळतो. गुळानं पोटातला धूर निघून जातो, असं मालकानं त्याला सांगितलंय. पंखा लावण्यापेक्षा गूळ स्वस्त पडतो ना! काहीही विचारा, हा "कसं हाय काकू" एवढं म्हणतो आणि गप्प बसतो.

लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. त्याच्या आईनं सुनेला अंगाऱ्यांसाठी पाचोडपासून अजिंठ्यापर्यंत फिरवलं. लेकाला तपासावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

परवा शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. सगळ्या ओटी भरायला उठल्या, तर त्याची आई सुनेला म्हणाली, "तू नको. बस मागं."

हा समोरच्या शेडमधून काळा चष्मा काढत दारात आला.

"आई, दोष तिच्यात नाय. मी तपासून आलोय. माझंच बीज कमी हाय. डॉक्टर म्हणले, ह्या धगीनं न् धुरानं झालं आसंल."

"हळू बोल की मेल्या, बाया ऐकतेत!"

"ऐकू दे. तिला वांझ म्हणताना लई मोठ्यानं म्हणत होतीस."

बायांनी माना खाली घातल्या. माझं डोकं तडकलं. मी पुढं झाले, तांदळाचं ताट त्याच्या बायकोच्या हातात दिलं आणि म्हटलं, "भर गं ओटी."

गर्भारणीच्या सासूनं तोंड उघडलं. मी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिनं ते मिटलं.